दोन खुंट्यांचं जातं

हां हां, त्या जात्यावर पाय ठेवू नका, पाव्हणं. फोटो काढा, कोण नाही म्हणतंय? पण पाय खाली. उंबरखडीच्या चर्चला येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, की दगडी जातं चर्चच्या दारात काय करतंय आणि त्याला दोन खुंटे कशाला? जगात जात्याला एक खुंटा असतो, आणि बाया जोडीनं दळायला बसल्या तरी दोघी तोच धरतात. आमच्या जात्याला मात्र एक जाड आणि एक बारीक. या, निंबाखाली बसा. उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही ही.

प्लेगचं साल होतं, असं सांगतात. गावात उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव घरं सोडून या माळावर आलं. तेव्हा इथं चर्च नव्हतं, काहीच नव्हतं, नुसत्या कुडाच्या झोपड्या. साळवे मंडळींनी बैलगाडीत घालून हे जातं आणलं, कारण माणूस कुठंही गेला तरी भाकरी लागतेच. त्या घरात दोन जावा होत्या. थोरली साळूबाई, धाकटी राहेल.

साळूबाई कामाला वाघीण, पण मनानं जळकी. आता मेलेल्या माणसाला कशाला नावं ठेवायची म्हणाल, तर तिनं स्वतःच हे गावाला सांगून ठेवलंय. राहेलला वाचता यायचं, हिला येत नव्हतं. सासू राहेलच्या हातची आमटी मागून घ्यायची, हिच्या हातची मुकाट्यानं गिळायची. राहेल नवं लुगडं नेसली की साळूच्या पोटात दुखायला लागायचं. जावाजावांत हे चालायचंच, त्यात नवल नाही.

नवल पुढं झालं. प्लेग माळावरही आला. राहेलचा नवरा गेला, पाठोपाठ तिचा तान्हा गेला. त्याच आठवड्यात साळूचा बाबू गेला. आठ वर्षांचं पोर, दिवसभर विटीदांडू खेळणारं. सकाळी काखेत गाठ आली आणि दुसऱ्या दिवशी त्याला माती दिली. त्याचा दांडू तेवढा साळूनं उशाशी ठेवून घेतला.

आणि तेव्हा, म्हणे, साळूबाईला दुःखाचासुद्धा हेवा वाटला.

हसू नका. भेटीला येणारी माणसं आधी राहेलच्या झोपडीत जायची, तिचे दोन गेले म्हणून. साळूच्या दारात येईपर्यंत त्यांचे शब्द संपलेले असायचे. पाळकसाहेब आले तेही म्हणाले, "राहेलचा विश्वास बघा, बायांनो. एवढं होऊन पहाटे जात्यावर प्रभूच्या ओव्या गाते." साळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या तोंडून तर प्रार्थनेचा एक शब्द फुटत नव्हता. डोळे मिटले की बाबूची काख दिसायची. तिला वाटलं, माझ्या पोराचं मरण काय स्वस्त होतं? देवानंही पंक्तिप्रपंच करावा? सांत्वनाचा सगळा हंडा धाकटीच्या ताटात ओतला आणि माझ्यापुढं रिकामी पळी फिरवली!

रोज पहाटे तेच. जात्याची घरघर सुरू व्हायची आणि राहेलचा आवाज यायचा. पहिली ओवी नवऱ्याच्या नावाची, दुसरी तान्ह्याच्या. दुसरी सुरू झाली की साळूला सोसवायचं नाही. ती घागर उचलायची आणि तरातरा ओढ्याकडं चालू लागायची. परत यायची तोवर दळण झालेलं असायचं.

शेवटी एका सांजेला तिनं जात्याचा खुंटा उपटला आणि चुलीत घातला. "आता गा म्हणावं," असं आपल्याशीच म्हणाली. त्याच जाळावर तिनं भाकरी भाजली आणि ती खाल्लीही, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साळू ओढ्यावर गेली नाही. ती शांतता तिला ऐकायची होती ना! कुडाला कान लावून बसली. राहेल आली, तिनं अंधुक उजेडात खुंटा चाचपला, तो नव्हता. मग मोठ्यानं हुंदका आला. साळूला आधी बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं होतं तिला! पण मग दगडाची घरघर सुरू झाली. राहेल दोन्ही तळव्यांनी वरची तळी ढकलत होती. आवाज पार फाटलेला. पहिली ओवी झाली. दुसरी मध्येच तुटली, रडण्यात गेली. आणि नाक ओढून राहेलनं तिसरी धरली:

तिसरी माझी ओवी, माझ्या जाऊच्या बाबूला,
येशू मेंढपाळ माझा, खांद्यावर घेई त्याला.

साळूबाई कूड सोडून बाहेर आली. "माझ्या पोराचं नाव तुझ्या तोंडात कसं?"

राहेलनं मान वर केली. "रोजच असतं की, बाई. तुम्ही दुसरीलाच घागर घेऊन जाता."

साळू जात्यापाशी येऊन बसली. कितीतरी पहाटा तिच्या बाबूचं नाव या माळावर गाइलं गेलं होतं, आणि त्याची आईच ऐकायला नव्हती. ती म्हणाली, "तुला देवानं शांती दिली. मला का नाही दिली?"

"कसली शांती?" राहेल म्हणाली. "मी कालच त्याच्याशी कडाकडा भांडले. काळीज रोज फाटतं माझं. पण येशू मरणातून उठला, त्याच्या थडग्यावरचा धोंडा सरकला होता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे, बाई. आपल्या माणसांवरचाही सरकणार. तेवढ्यावर मी हा धोंडा फिरवते. ज्या दिवशी ते खरं वाटत नाही, त्या दिवशी जरा मोठ्यानं गाते."

तेव्हा साळूबाईनं सांगून टाकलं, "खुंटा मी जाळला."

आता तुम्हाला वाटेल राहेलनं तिला उराशी धरलं. छे! तिनं ओंजळभर जोंधळे तिच्या तोंडावर फेकले आणि आपल्या झोपडीची ताटी ओढून घेतली. संत असली तरी धाकटी जाऊच ती! पुढं काही दिवस माळावर जातं बंद होतं. सासू दोघींच्या नावानं बोटं मोडत राहिली.

मग एका पहाटे राहेलला जात्याशी खुडबुड ऐकू आली. बघते तर साळूबाई खुंट्याच्या भोकात काहीतरी ठोकत होती. बाबूचा दांडू होता तो. उशाशी ठेवलेला. तिच्याकडं पोराचं तेवढंच उरलं होतं, आणि तेच ती जात्याला देत होती. पण भोक मोठं, दांडू बारीक, नुसता लटलट हलायचा. साळू रडत होती आणि ठोकत होती.

राहेल शेजारी येऊन बसली. "राहू द्या, बाई. फुटेल तो," म्हणाली. माळावरच एक पाथरवट होता, त्याला बोलावून दांडूच्या मापाचं दुसरं भोक पाडून घेतलं. जुन्या भोकात बाभळीचा जाड खुंटा बसला. बारीक खुंटा साळूच्या हातात, जाड राहेलच्या. त्या पहाटे राहेलनं गाइलं. साळूचा आवाज निघेना, तर राहेल म्हणाली, "तुम्ही नुसतं फिरवा. तुमच्या वाटचं मी गाते." आणि खूप दिवसांनी, कधीतरी पावसाळ्यात म्हणे, साळूबाईनं तोंड उघडलं. स्वतःच्या पोरासाठी नाही. राहेलच्या तान्ह्यासाठी.

प्लेग सरला, गाव घरी गेलं. जातं मात्र कुणी हलवलं नाही. चर्च बांधायची वेळ आली तेव्हा जात्याशेजारी बांधलं.

दांडू कधीच झिजून गेला. पण भोक तेच आहे, म्हणून खुंटा बारीकच लागतो. आजही उंबरखडीत कुणाला माती दिली, की दुसऱ्या दिवशी पहाटे त्या घरच्या बाईला इथं आणतात आणि बारीक खुंटा तिच्या हाती देतात. समोर कोण बसतं, ठाऊक आहे? जिचं तिच्याशी पटत नाही ती. बांधावरून भांडलेली असो नाहीतर नळावरून. गायचं तिनं. दुःखाच्या घरानं गायचं नाही, नुसतं फिरवायचं. विश्वास आटला असेल, देवाचा राग आला असेल, तरी चालतं. तेवढा दिवस दुसरीच्या विश्वासावर दळायचं.

नियम एकच आहे. रडा, जोंधळे फेका, काय वाटेल ते करा. पण तिसरी ओवी होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही.