दुसरा हात

“पण सगळं एकाच घोड्यावर लावायचं कशाला, बाबा?”

टिपणीसांनी हे विचारलं तेव्हा उस्मानबाबा एका घोडीच्या खुरातली माती खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रेसकोर्सच्या मागे, चिंचेखाली, बाबांचं नालबंदीचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक ऐरण, एक भाता, बसायला पोतं आणि जनावर बांधायला एक खांब. बाबा ऐंशीच्या घरातले. आज कुठला घोडा पहिला येणार हे विचारायला लोक रोज येत आणि हात हलवत परत जात. पण म्हाताऱ्याची दुवा लागते, असं तबेल्यातले सगळे सांगत.

टिपणीस विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. जोखीम कशी वाटून टाकावी हे त्यांनी पस्तीस वर्षं लोकांना शिकवलं. मग रेसचा नाद लागला, तर तिथेही तेच. एका शर्यतीत चार घोडे, कधी पाच. रक्कम अशी विभागायची की त्यांतला कुठलाही आला तरी पदरात काहीतरी पडावं. ही युक्ती ते भेटेल त्याला समजावून सांगत. समोरच्याने जांभई दिली तरी थांबत नसत.

“मी कधी बुडालो नाही, बाबा. एकदाही नाही.”

“चांगलं आहे.”

बाबांनी खुरावर फुंकर मारली.

“घोडा आला की ओरडता का?”

“म्हणजे?”

“सगळे ओरडतात ना? नाव घेऊन.”

टिपणीस जरा हसले. “चार-चार लावल्यावर कुणाचं नाव घेऊन ओरडणार?”

“हं...”

टिपणीसांना ते ‘हं’ आवडलं नाही.

“मी रेसचं विचारायला आलो नाही,” ते म्हणाले. “दुवा मागायला आलोय. परवा बायकोचं ऑपरेशन आहे. हृदयाचं.”

आता बाबांनी मान वर केली.

“तयारी मी चोख केलीय,” टिपणीस घाईघाईने सांगू लागले. दोन मोठ्या डॉक्टरांचं मत घेतलं होतं. एका वैद्यांचा काढा चालू होता. गणपतीला अभिषेक, देवीला साडी. सासवडकडच्या एका महाराजांनी मंत्र दिला होता, वाईच्या एका बाईंनी अंगारा. उजव्या मनगटावर चार धागे होते, लाल, काळा, पिवळा आणि एक रंग उडालेला. कोणता कुणाचा, हे टिपणीसांना आता नीट आठवत नव्हतं.

“म्हणजे मी पाचवा,” बाबा म्हणाले.

टिपणीस ओशाळले. “तसं नाही... पण एखादा चुकला तर दुसरा असावा.”

“आणि घरात? तिच्याजवळ कोण बसतं?”

“मेहुणी आहे. शिवाय नर्स ठेवलीय, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी.”

“तुम्ही?”

“मी ही सगळी धावपळ करतोय ना! काल शालिनी म्हणाली, जरा बसा माझ्यापाशी. म्हटलं, बसून काय होणार आहे? बाहेर एवढी...”

ती त्यावर काय म्हणाली होती, हे त्यांना आठवेना. काही म्हणाली होती की नाही, तेही आठवेना. ते तोवर चपला घालून जिन्यात होते.

बाबा उठले, नाल चिमट्यात धरून खुरावर बेतून पाहिली.

“माझा माणूस जेवायला गेलाय. जरा खूर धरता?”

“मी?”

“धरायला कुणीतरी लागतं. मी धरू की ठोकू?”

टिपणीसांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. घोडी म्हातारी होती. एके काळी शर्यतीत पळालेली, आता मुलांना बसायला शिकवायच्या कामाची. दिसायला गरीब, पण शेवटी घोडीच. त्यांनी डाव्या हाताने तिचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि उजव्या हाताने खांब घट्ट पकडला. लाथ आली तर एका झटक्यात बाजूला होता आलं पाहिजे.

बाबांनी खिळा लावला. घोडीने पाय ओढून घेतला.

पुन्हा धरला. पुन्हा ओढला.

तिसऱ्यांदा तर खिळा लावायच्या आधीच.

“भित्री आहे,” टिपणीस म्हणाले.

“आहे.”

“मग कसं करता तुम्ही?”

बाबांनी हातोडीच्या दांड्याने खांबावर टकटक केलं. बरोबर टिपणीसांच्या बोटांच्या बाजूला.

“हा हात इथे कशासाठी आहे, ते तिला ठाऊक आहे.”

टिपणीसांनी खांबाकडे पाहिलं. मग घोडीकडे. तिचा एक डोळा मागे वळून त्यांच्याकडेच बघत होता.

त्यांना खरोखर भीती वाटली. साठ-पासष्ट वर्षांत एवढी साधी भीती त्यांना वाटली नव्हती. मध्ये दुसरं काही नाही, बाजूला काही राखून ठेवलेलं नाही.

त्यांनी खांब सोडला.

दोन्ही हातांनी खूर धरला, पोटाशी घेतला. घोडी क्षणभर ताठ राहिली... आणि मग तिने सगळा भार त्यांच्यावर टाकला. टिपणीस गुडघ्यात वाकले. पण सोडलं नाही.

पहिला खिळा. हातोडीचा प्रत्येक ठोका त्यांच्या तळहातांतून खांद्यापर्यंत गेला. दुसरा. तिसरा. घोडीचा श्वास चालत होता, पोट फुगत होतं, ओसरत होतं, आणि तो श्वास ते मोजत नव्हते, नुसता अंगावर घेत होते. धागे घामाने मनगटाला चिकटले होते.

शेवटचा खिळा वळवून बाबांनी कानस फिरवली.

“सोडा.”

टिपणीसांनी पाय हळूच जमिनीवर ठेवला. तळहात काळे झाले होते आणि डोळे भरून आले होते. ते का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. शालिनीचा हात शेवटचा कधी धरला होता, एवढंच ते आठवू पाहत होते.

“बाबा... ती वाचेल ना?”

“कोण येणार ते मला कळत असतं, तर मी नाला ठोकत बसलो असतो?”

“आणि दुवा?”

बाबा भात्याकडे गेले. निखारे फुलवले, दुसरी नाल आत सरकवली.

टिपणीस तसेच उभे होते. घोडीने मान वळवून त्यांच्या बाहीचा वास घेतला. त्यांना एकदम फार बरं वाटलं, लहान मुलाला शाबासकी मिळाल्यावर वाटतं तसं. इथेच राहावं, हेच करत राहावं असं वाटलं. ते खाली वाकले, तिचा दुसरा पाय दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “अजून तीन आहेत. पुढचाही मीच धरतो.”

बाबांनी त्यांच्या हातांतून खूर अलगद काढून घेतला.

“हिचा खूर धरायला कुणीही चालतं, साहेब.”