चाकाखालचं लिंबू

माणसांनी टाकून दिलेल्या मोटारी रानातली जनावरं चालवायची, त्या काळची ही गोष्ट. उदमांजरांच्या आजोबांनी कोल्ह्याकडून एक जुनी मोटार स्वस्तात घेतली. त्यांच्या नातीचा, तुरीचा, दादा ती घेऊन घाट उतरणार होता.

आजोबांनी पारख केली ती अशी : रंगावर पंजा फिरवला, भोंगा वाजवला आणि म्हणाले, "लक्ष्मी आहे, लक्ष्मी!" मग हार घातला, नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवायला तुरीला सांगितलं. मोटारीखाली वाकून पाहिलं ते तिनं एकटीनंच. चाकाच्या आतून तेल ठिबकत होतं.

"आजोबा, ब्रेकचं तेल गळतंय. आधी कुणा जाणकाराला दाखवू या."

"शुभवेळी अपशकुन करतेस, कार्टे? या मिशा काय उन्हात पांढऱ्या झाल्या?"

कोल्हा गोड हसला. "धुतल्याचं पाणी असेल गं. आणि या किमतीत काय विमान मिळणार?"

"दादा, तू तरी जाऊ नकोस."

दादाने आजोबांकडे पाहिलं. थोरांचं मन मोडायचं नाही, एवढंच त्याला जन्मभर शिकवलं होतं. तो आत बसला. लिंबू चिरडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्याच उतारावर ब्रेक लागला नाही. मोटार दादासकट दरीत गेली.

दहाव्याला सगळे म्हातारे वडाखाली जमले. मग आजोबांनी सुस्कारा सोडला. "लिंबूच शिळं असणार."

बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि पुढच्या मोटारीला ताजं लिंबू आणायचं ठरलं.