झांजडीची विहीर

तळखेडच्या वेशीबाहेर एक चिरेबंदी विहीर आहे. तिच्या काठावर दिवा लावत नाहीत. कारण विचारले, की रखमाजी गुरव पाहुण्यांना आधी ‘झांजड’ या शब्दाचा अर्थ सांगतात. माणसाची आकृती दिसते पण तोंड ओळखू येत नाही, एवढाच उजेड उरलेली सांज म्हणजे झांजड. रोजच्या बोलण्यातून हा शब्द केव्हाच गेला. तळखेडच्या जात्यावरच्या ओव्यांत मात्र तो टिकला आहे.

विहीर साळाईची. चराईच्या भांडणात शेजारच्या माथेवाडीच्या दौलूची काठी बसून तिचा एकुलता मुलगा गेला, असे सांगतात. तेव्हा तिने देवीपुढे शपथ घेतली : ‘माथेवाडीच्या ज्या माणसाचं तोंड मला दिसेल, त्याला माझ्या विहिरीचं पाणी नाही.’

पुढे एका उन्हाळ्यात माथेवाडीचा झरा आटला. सांज कलताना साळाईला विहिरीपाशी घागर घेतलेली आकृती दिसली.

“काकी, घरात बाळंतीण आहे. तुमची शपथ ठाऊक आहे, तरी आलो.”

आवाज दौलूचा होता. ‘नाही’ म्हणायला एक शब्द पुरला असता. पण घरात पाण्यावाचून पडलेली बाळंतीण तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तेवढ्यात तिची विधवा सून ठकू दिवा घेऊन आली.

“आत्याबाई, कोण आहे?”

“झांजड आहे, बाई. तोंड दिसत नाही.”

“आवाज तर त्या मेल्याचा—”

“आवाजाची शपथ मी घेतली नव्हती. दिवा मागे ने.”

ठकूने स्वतःच फुंकर घालून दिवा विझवला आणि पोहऱ्याचा दोर हाती घेतला.

त्या उन्हाळ्यात सारी माथेवाडी सांजेला तिथे येई. आभाळात चांदण्या उमटल्या, तरी शेवटची घागर भरेपर्यंत सासू-सुना म्हणे मोठ्याने सांगत, “अजून झांजडच आहे.” शपथ न मोडता तिच्यातून वाट काढणारी ही करुणा लोकस्मृतीने ओवीत जपली :

झांजड पडली बाई, दिवा नको लावू।
तहानेल्या घागरीला गाव नको विचारू॥

आजही तळखेडची नवी सून पहिल्या सांजेला या विहिरीवर येते, अंधारात उभ्या असलेल्या कुणाची तरी घागर भरून देते आणि तोंड न पाहता घरी परतते.