ठोक्यानंतरचा दम

एका जंगलात सुतारपक्ष्यांचे एक कुटुंब राहत असे. थोरला भाऊ, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. ते झाडांत ढोल्या कोरून देत आणि मोबदल्यात पिकली उंबरे घेत. थोरल्याची रीत ठरलेली होती. चोचीने चार ठोके घालायचे, मग दम घ्यायचा. दम घेताना जरा मागे सरून ढोलीचे तोंड खाली उतरते आहे ना, ते पाहायचे. काम वठलेल्या झाडावर करायचे; हिरव्याला चोच लावायची नाही. पण एका वर्षी तिथे पोपटांचा मोठा थवा आला. सगळ्यांनाच ढोली हवी होती, तीही लगेच. थोरल्याला नाही म्हणवेना. त्याचे दम घेणे सुटले, जेवण सुटले, आणि एका दुपारी चालू ठोक्यातच तो खोडावरून खाली पडला. तो पुन्हा उठला नाही.

धाकटा रडायलासुद्धा थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी तो दादाच्या खोडावर जाऊन बसला आणि ठोकू लागला. थांबले की सगळे शांत होई, आणि त्या शांततेत शेजारून दादाचा ठोका येत नसे. ते त्याला सोसवेना. म्हणून तो थांबेचना. वठलेली झाडे संपली तेव्हा त्याने हिरव्यागार सावरीलाही भोके पाडली. हाताखाली काम करणाऱ्या तांबट पक्ष्यांच्या माना आखडल्या, तसे तेही एकेक करून निघून गेले. पोपटांचा म्होरक्या मात्र खूश होता. दादापेक्षा तुझी चोच जोरात चालते, असे तो येता-जाता सांगे.

एके सकाळी वहिनी उंबर घेऊन आली आणि झाडाखाली ऐकत उभी राहिली.

"भावजी, खाली या."

"एवढी ढोली होऊ दे, वहिनी. दादाचं नाव राखायला नको का?"

"हा ठोका मी ओळखते," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांचाही असाच वाजायचा. इतकी वर्षं त्यांनी दम घेत काम केलं, ते सोडून तुम्ही नेमके ते शेवटचे दिवसच उचललेत."

धाकट्याची चोच थांबली. सगळे शांत झाले. मग तो पोटभर रडला. वहिनीने उंबर तेवढे पुढे सरकवले.

त्या दिवसापासून त्याने दादाची जुनी रीत धरली. म्होरक्या चिडला. "चार ठोके नि एक दम? तोवर माझी पिल्लं आजोबा होतील," असे म्हणून तो घाईत कोरलेल्या ढोलीत जाऊन बसला. पण वळवाचा पाऊस आला आणि त्या ढोल्यांत पाणी भरले, कारण त्यांची तोंडे आभाळाकडे वळली होती. दादाने दम घेत कोरलेल्या ढोल्या मात्र आतून कोरड्या होत्या. म्होरक्या अंगावरचे पाणी झाडत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"घाई माझीही होती," धाकटा म्हणाला. "बिघडवलंय मी, नीटही मीच करीन. पण एका वेळी एकच."

आधी त्याने पोपटांची पिल्ले दादाच्या कोरड्या ढोल्यांत हलवली. मग एकेका ढोलीचे तोंड उतरते केले. नवी झाडे फोडण्यापेक्षा जुन्या ढोल्या दर वर्षी दुरुस्त करायच्या, असे ठरले. सावरीच्या जखमा भरू लागल्या. दुपारी काम बंद असते असे कळताच तांबटही परत आले, एकाने तर मान वाकडी करून, "आता जेवायला मिळणार ना?" असे विचारून घेतले. वहिनी कितीतरी दिवसांनी हसली.

अजूनही त्या जंगलात चार ठोके वाजतात आणि मग शांतता होते. त्या शांततेत धाकट्याला दादा आठवतो. आता तो ती आठवण येऊ देतो आणि मग पुढचा ठोका घालतो.

तात्पर्य : राबणाऱ्याला आणि झाडाला झिजवणारा धंदा फार दिवस तग धरत नाही, दम घेऊन केलेले कामच पावसात टिकते.