बांधावरची आजी

फार पूर्वी खाडीच्या काठी एक गाव होतं. गावची भातशेती आणि खारं पाणी यांच्यामध्ये फक्त मातीचा एक बांध होता. खेकडे त्या बांधाला सतत बिळं पाडत. गावातली एक म्हातारी रोज ओहोटी लागली की बांधावर जायची आणि चिखलाने ती बिळं बुजवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं स्वतःचं शेतही नव्हतं.

लोक तिला हसत. बांध कधी फुटलाच नव्हता, त्यामुळे तो आपोआप उभा आहे असं त्यांना वाटे. न फुटलेल्या बांधाचे आभार कोण मानतो?

एका वर्षी भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना मोठं उधाण आलं. म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दिवसभर माती लिंपत होती. तरीही बांध फुटला. शेतांत खारं पाणी शिरलं आणि उभं पीक जळून गेलं. लोकांनी गाव सोडायचं ठरवून गाठोडी बांधायला घेतली.

पाणी ओसरलं, तशी म्हातारी फुटलेल्या जागी चिखलाचे गोळे रचू लागली. गावचा पाटील तिच्याजवळ आला. रडून त्याचे डोळे सुजले होते.

"आजी, आता कशासाठी हे? शेत तर गेलं."

"शेत गेलं, बाबा. पण खाडी कुठे गेलीय? ती उद्याही येणार."

"मातीतलं मीठ धुऊन निघायला किती पावसाळे जातील. तो भात खायला तू असशील का?"

"नसेन. चिखल लावणं माझ्या हातात आहे, भात कधीच नव्हता. उभाच आहेस, तर तो दगड जरा इकडे सरकव."

पाटलाने वाकून दगड सरकवला. मग त्याने धोतर वर खोचलं. त्याला पाहून आणखी चारजण उतरले, आणि घरोघरची गाठोडी हळूहळू सुटली.

पावसाळे गेले. म्हातारीही गेली. त्यानंतर एका वर्षी मातीतलं मीठ उतरलं आणि शेतात भात डोलू लागलं. नव्या भाताची लोंबी दाराला बांधायची त्या गावची रीत होती. पहिली लोंबी आजीच्या दाराला बांधायची, असं सगळ्यांनी ठरवलं. पण तिची झोपडी केव्हाच पडली होती, म्हणून ते लोंबी घेऊन बांधावर गेले.

बांधाला खेकड्यांनी नवी बिळं पाडली होती. म्हाताऱ्या झालेल्या पाटलाने लोंबी पागोट्यात खोचली, तो खाली बसला आणि त्याने चिखलात हात घातला.

तात्पर्य: बांध मन लावून राखावा, भात कोणाच्या ताटात पडेल, ते विचारू नये.