पवळाबाईचा माळ

देवीची लस टोचायला सरकारी माणसं गावोगाव हिंडू लागली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा मोरदरीला यायला बैलांची पायवाट तेवढी होती, आणि डोंगरापलीकडे काय आहे हे सांगणारं माणूस वर्षातून एखादंच यायचं. त्या काळी या गावात पवळा नावाची एक बाई होऊन गेली.

पवळा मूळची इथली नव्हे. तिचा बाप बंदरावर मणी ओवून विकायचा. मुलगी जन्मली ती इतकी लालबुंद, की बापाने हातातलं पवळं तिच्या गालाशी धरलं आणि म्हणाला, "हिला दुसरं नाव कशाला शोधायचं? ही पवळाच." शहरात ज्याला पोवळं म्हणतात, त्याला आमच्याकडे पवळं म्हणतात. नवरत्नांतलं ते रत्न. समुद्राच्या तळाशी ते झाडासारखं वाढतं, असं म्हणतात.

लहानपणी पवळेला देवी आल्या. ती त्यातून उठली, पण तोंडभर वण राहिले. आता हिला कोण करून घेणार, म्हणून बाप झुरत होता. तेवढ्यात मोरदरीचा सिदोजी हिरडा लादलेले बैल घेऊन बंदरावर गेला. त्याने पवळेला पाहिलं, तिचं बोलणं ऐकलं आणि मागणी घातली. बापाने दुकानातली सगळ्यांत चांगली पवळी निवडली, त्यांची माळ केली आणि लेकीच्या गळ्यात घातली.

गावातल्या बाया नव्या सुनेचं तोंड बघायला आल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा तिची सासू येसू म्हणाली, "वण काय बघता गं? हिच्या हातची भाकरी खाऊन बघा." तेव्हापासून त्या घरात सासूसुनेचं कधी वाकडं आलं नाही. पुढे पवळेला मुलगी झाली. तिचं नाव सगुणा.

सगुणा अजून रांगत होती, त्या उन्हाळ्यात गावात देवी आल्या. तेव्हाची रीत अशी होती की ज्याला देवी येतील त्याला गावाबाहेर, वरच्या माळावर न्यायचं. तिथे पाल्याची खोपटी घालायची. वाटेत एक चपटा खडक आहे, त्यावर भाकरी-पाणी ठेवायचं, हाक मारायची आणि मागे फिरायचं. वाचला तर वाचला.

सगळ्यांत आधी सिदोजीच तापला. पवळेने पोर सासूच्या मांडीवर ठेवली.

"आत्याबाई, मला एकदा येऊन गेल्यात. पुन्हा येत नाहीत. मी जाते यांच्यासोबत."

"आणि ही?"

"ही तुमच्यापाशी. हे बरे झाले की आम्ही दोघं खाली येतोच."

सिदोजी बरा झाला नाही. पवळेने त्याला माळावरच माती दिली आणि ती खाली यायला निघाली. पण तोवर दुसरी खोपटी भरली होती. एका खोपटातून कुणी म्हातारी पाणी मागत होती. पवळा पाणी द्यायला वळली, आणि मग तिचं निघणं राहूनच गेलं.

ती कडुलिंबाचा पाला अंथरून माणसं निजवायची. आंबील पाजायची. फोड खाजवू नयेत म्हणून पोरांचे हात धरून बसायची. जे गेले त्यांना तिनेच माती दिली. पण पुष्कळ जण वाचले.

त्यात गेनू नावाचा एकजण जरा बरं वाटताच, खपल्या पडायच्या आधीच, कुणाला न सांगता घरी पळाला. त्याची बायको आणि दोन्ही भाऊ त्या दुखण्यात गेले. तेव्हा पवळा वेशीपासून लांब येऊन उभी राहिली आणि तिने पाटलांना हाक मारली. हैबती पाटील वेशीत आले.

"पाटील, आजपासून मी ज्याला सोडीन त्याच्या मनगटावर माझ्या माळेतलं पवळं बांधीन. ते असेल त्यालाच आत घ्या."

"आणि नसेल तर?"

"तर कुणीही असो, घेऊ नका. उद्या मी आले तरी घेऊ नका."

तसं ठरलं. पुढे जो जो बरा झाला, तो हाताला पवळं बांधून खाली आला. अंगात ताप लपलेला असेल तर ते पवळं फिकट पडायचं आणि अंग निवळलं की लाल व्हायचं, असं म्हणतात. पाटलांचा थोरला मुलगाही असाच खाली आला.

जाणारा प्रत्येक माणूस पाया पडायचा. "पवळाबाई, मी येतो भेटायला," म्हणायचा. पण वर कुणी आलं नाही. मरणाच्या दारातून सुटलेलं माणूस पुन्हा त्या वाटेला कसं जाणार?

दिवस मावळताना पवळा माळाच्या कडेला उभी राहायची. खाली आपल्या घराचा धूर दिसला की तिला बरं वाटायचं. येसू अंगणात येऊन सगुणाला उंच धरायची. सुरुवातीला पोर वर बघून हात हलवायची. मग ती चालू लागली, बोलू लागली, आणि आजी वर बघ म्हणाली तरी अंगणातल्या कोंबड्यांमागे पळू लागली. पवळा वरून ते बघायची.

होता होता साथ ओसरली. खोपटी रिकामी झाली. दोऱ्यात एकच पवळं उरलं होतं. ते पवळेने स्वतःसाठी ठेवलं होतं. तिने लुगडं धुऊन वाळत घातलं, केस विंचरले आणि खोपट झाडून काढलं.

त्याच दिवशी मिठाचे बैल घेऊन जाणारा एक तांडा माळावरून गेला. तांडा पुढे गेला आणि एक बाई मागे राहिली. तिला देवी आल्या होत्या. तिचं नाव रूपली. पवळेने वाळत घातलेलं लुगडं काढलं, तेच तिच्यावर पांघरलं आणि पुन्हा पाला आणायला गेली.

रूपली बरी झाली. रडत म्हणाली, "माझा तांडा गेला. आता मी कुठं जाऊ?"

"खाली माझं घर आहे. सासूला सांग, पवळेने पाठवलंय."

"मला परकीला कोण आत घेईल?"

पवळेने ते शेवटचं पवळं तिच्या मनगटावर बांधलं.

"मग तुझं काय, बाई?"

"माझं काय? मी ओळखीची आहे. मला घेतील."

रूपली खाली आली. लोकांनी पवळं पाहिलं आणि तिला आत घेतलं. येसूने तिला जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी पवळा आली. सगळा गाव वेशीशी जमला. पाटील पुढे झाले, पण त्यांना वर बघवेना.

"पवळाबाई, पवळं?"

"ते दिलं, पाटील. त्या तांड्यातल्या बाईला."

"तुम्हीच सांगितलं होतंत. मी आले तरी घेऊ नका म्हणालात."

"म्हणाले होते."

"सगळ्यांत जास्त दिवस तुम्ही त्या दुखण्यात राहिलात. अंगावर काही राहिलं असेल तर? अख्खा गाव..." पाटलांनी मागे उभ्या गावाकडे हात केला.

तिथे उभ्या असलेल्या कितीतरी मनगटांवर पवळेची पवळी होती. ती सोडली तर दुखणं परत येईल, असं भय होतं. कुणाचाही हात गाठीकडे गेला नाही.

येसूने सगुणाला पुढे केलं. "जा गं, तुझी आई आहे ती." सगुणाने त्या बाईकडे पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं.

पवळा म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, पाटील." आणि आली त्या वाटेने परत गेली.

एवढ्यात गर्दी सारून रूपली पुढे आली. तिने मनगटावरचा दोरा दातांनी तोडला आणि पवळं मुठीत धरून ती माळाकडे धावली. "बाई, थांब! घे तुझं!" ती ओरडत होती. पण वर पोहोचली तेव्हा माळावर नुसतं ऊन होतं. खोपट झाडलेलं होतं. चुलीत निखारे होते. पवळा कुठेच नव्हती. रूपलीने तिथेच चुलीपाशी ते पवळं मातीत पुरलं आणि ती खाली आली. रिकामं मनगट बघूनही वेशीत तिला कुणी अडवलं नाही. पुढे आयुष्यभर ती येसूपाशी राहिली. सगुणाला तिनेच वाढवलं, आणि आई कोण होती हेही तिनेच सांगितलं.

लोक खडकावर भाकरी ठेवून हाका मारत राहिले. भाकरी तशीच वाळून जायची. पवळेला पुन्हा कुणी पाहिलं नाही. कुणी म्हणतं, ती चालत चालत बंदरावर गेली. कुणी म्हणतं, माळानेच तिला पोटात घेतलं. पुढच्या पावसाळ्यात चुलीच्या जागी एक रोप उगवलं, त्याचं झाड झालं आणि त्याच्या शेंगांतून पवळ्यासारखं लाल बी पडू लागलं. जाणते त्याला रतनगुंज म्हणतात. आम्ही पवळाबाईच म्हणतो.

सगुणाचं लग्न ठरलं. हळद लागली आणि ती उठून उभी राहिली. "आईला बोलावल्याशिवाय मी बोहल्यावर चढायची नाही," म्हणाली आणि ओल्या हळदीने माळाची वाट चढू लागली. तिच्यामागे रूपली. मग एकेक करत सगळा गाव. हैबती पाटील तेव्हा पार थकले होते, त्यांना मुलाने पाठीवर घेतलं.

झाडापाशी जाऊन सगुणाने हाक मारली, "आई, घरी चल."

वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. तरी झाडाच्या सगळ्या शेंगा एकदम तडकल्या आणि सगुणाच्या पदरात लाल बियांचा पाऊस पडला, असं म्हणतात. पाटलांनी मुलाच्या पाठीवरून उतरून पागोटं काढलं, ते झाडापाशी ठेवलं आणि म्हणाले, "पवळाबाई, चुकलो. चला घरी."

तेव्हापासून मोरदरीच्या वेशीत कुणालाही अडवत नाहीत. कुठला, कोण, हे आधी जेवू घालून मग विचारायचं. आणि चैत्रात एक दिवस गाव माळावर जातो. माहेरवाशिणी पुढे, पाटलांच्या घरचा माणूस उघड्या डोक्याने मागे. झाडापाशी सगळे मिळून म्हणतात, "पवळाबाई, घरी चला," आणि मागे वळून न बघता खाली येतात, कारण ती पाठोपाठ येत असते. त्या दिवशी गावात कुणी दार लावत नाही. एका वर्षी एक घर, असं तिचं जेवण ठरलेलं असतं. पहिलं पान तिचं मांडतात, आणि तिच्या शेजारी बसायला पोरांची इतकी भांडणं लागतात, की घरधनिणीला दरवर्षी मध्ये पडावं लागतं.