शिंपिणीचा कापूस आणि सुऽऽऽ करणारी गाडी

एक होती शिंपीण. शिंपीण म्हणजे पक्षीण बरं का! एवढीश्शी. पानाला पान शिवायची आणि त्यात घरटं करायची.

नझीरचाचांच्या गॅरेजमागे जास्वंद होती. जास्वंदीत तिचं नवं घरटं होतं. घरट्यात गादी नव्हती. आणि आजच तर अंडी घालायची होती! म्हणून शिंपिणीने कापूस आणला. पांढरा पांढरा, मऊ मऊ.

वाटेत एक जुनी गाडी उभी होती. बॉनेट उघडं. इंजिन चालू. धड धड, फुस्स! धड धड, फुस्स!

"बघू तरी आत काय आहे," शिंपीण म्हणाली. आणि वाकली की हो! काय झालं असेल? सुऽऽऽ! कापूस गडप!

"गाडीबाई, गाडीबाई, कापूस दे! अंडी ठेवू कुठे?"

गाडी म्हणाली, "कशी देऊ गं बाई? माझ्या नळीला भोक पडलंय. तिथून वारा आत शिरतो. मला धाप लागते. तुझा कापूस तिथेच अडकलाय. पण कुठे, ते मलाच दिसत नाही! नझीरचाचा भोक शोधतील, तर मी कापूस देईन."

शिंपीण निघाली. टुण टुण, टुण टुण.

"चाचा, चाचा, भोक शोधा! गाडी कापूस देत नाही. अंडी ठेवू कुठे?"

चाचांच्या हातात लांब रबरी नळी होती. म्हणाले, "मी भोक कानाने शोधतो, बेटा. हे टोक कानाला, ते टोक इंजिनाला. भोक जवळ आलं की ऐकू येतं सुऽऽऽ! पण हा बंड्या कुत्रा बघ. भो भो भो! काय डोंबल ऐकू येणार? बंड्या गप्प बसेल, तर मी भोक शोधीन."

शिंपीण निघाली. टुण टुण, टुण टुण.

"बंड्या, बंड्या, गप्प बस! चाचा भोक शोधत नाहीत. गाडी कापूस देत नाही. अंडी ठेवू कुठे?"

बंड्या म्हणाला, "भो! कसा बसू? ती भुरी मांजर पत्र्यावर बसलीय. शेपटी हलवून मला चिडवतेय. भो! भुरी खाली उतरेल, तर मी गप्प बसेन. भो!"

शिंपीण निघाली. टुण टुण, टुण टुण. पण भुरीपासून लांबच बसली हं! शहाणी होती ती.

"भुरे, भुरे, खाली उतर! बंड्या गप्प बसत नाही. चाचा भोक शोधत नाहीत. गाडी कापूस देत नाही. अंडी ठेवू कुठे?"

भुरी म्हणाली, "म्यांव. मी रुसलेय. चहावाली मुक्ताकाकू मला रोज कोमट दूध देते. आज बशी कोरडी! काकू दूध देईल, तर मी खाली उतरेन."

शिंपीण निघाली. टुण टुण... दमली बिचारी... टुण टुण.

"काकू, काकू, दूध दे! भुरी खाली उतरत नाही. बंड्या गप्प बसत नाही. चाचा भोक शोधत नाहीत. गाडी कापूस देत नाही. अंडी ठेवू कुठे?"

मुक्ताकाकू म्हणाली, "अगं माझे बाई, दूध तापेल तेव्हा ना! स्टोव्ह पेटवला की फुर्र, विझतो. टपरीचा पडदा फाटलाय. तिथून वारा येतो. पडदा कोणी शिवेल, तर मी दूध देईन."

"शिवायचंय?" शिंपीण उडालीच. "हात्तिच्या! एवढंच ना?"

गोणपाटाचा दोरा ओढला. चोचीत धरला. टचक टचक, टचक टचक! पडदा शिवला.

वारा थांबला. स्टोव्ह पेटला. दूध तापलं. काकूने दूध दिलं. लप लप लप! भुरी खाली उतरली. धप्प! बंड्या गप्प बसला. चिडीचूप!

चाचांनी नळी कानाला लावली. इकडे? नाही. तिकडे? नाही. खाली, अजून खाली... सुऽऽऽ!

"सापडलं रे सापडलं!"

चाचांनी गाडी बंद केली. फुटकी नळी काढली. नवी नळी बसवली. गाडी चालू केली. गुर्र गुर्र गुर्र! फुस्स नाही की धाप नाही.

"घे बाई तुझा कापूस," गाडी म्हणाली.

आणि कापूस कसा? काळा कुळकुळीत! तेलकट! शिंपीण रडायलाच लागली. "एवढी फिरले मी! असल्या गादीवर माझी बाळं झोपतील का?"

"वेडाबाई, रडतेस काय!" चाचा म्हणाले. "तू नसतीस, तर मी अजून बंड्यावर ओरडत बसलो असतो."

चाचांकडे हात पुसायच्या धाग्यांचं पोतं होतं. नवं कोरं. त्यांनी पोतं उघडलं. लाल धागे, पिवळे धागे, निळे धागे! मऊ मऊ, सुती सुती!

"घे, तुला हवे तेवढे."

शिंपिणीने चोच भरली. पुन्हा भरली. पुन्हा भरली! घरट्यात रंगीत गादी झाली. गादीवर इवली इवली अंडी आली. शिंपीण त्यांच्यावर पंख पसरून बसली.

खालून गाडी घरी निघाली. अगदी हळू. गुर्र... गुर्र... गुर्र...

शिंपीण निजली गादीवर, आता तुम्ही निजा मांडीवर!